टाकीतल्या गोगलगाई

९ जानेवारी

कामावर मी रोज नोंद लिहितो. कुठल्या इमारतीतली लिफ्ट, तक्रार काय, सापडलं काय, केलं काय. घरातलं असं कधी लिहिलं नाही. घरात काही बिघडलं तर ही सांगते आणि मी दुरुस्त करतो. मधे कागद लागत नाही. आज लिहायला बसलो ते टाकीमुळे.

टाकी माशांची. बाहेरच्या खोलीत आईच्या खुर्चीला लागून, कमरेइतक्या उंच स्टँडवर. आत वाळू, खडे, लाकडाचा एक ओंडका आणि गच्च झाडं. खरी झाडं, प्लास्टिकची नव्हेत. झाडांतून नखाएवढे निळसर मासे फिरतात, आणि त्याहून लहान लाल कोळंब्या. हे सगळं मुलीचं. तिला घरात भिंगरी म्हणतात, कारण लहानपणी ती एका जागी ठरत नसे. ऑक्टोबरात ती गेली. माझ्या शब्दावर तिला आमच्या लिफ्ट कंपनीत घेतलं होतं. वर्षभर काम केलं आणि राजीनामा देऊन दुसऱ्या गावी पाणवनस्पतींच्या रोपवाटिकेत नोकरीला लागली. राजीनाम्याची बातमी मला स्टोअरकीपरकडून कळली. घरी येऊन मी एवढंच म्हणालो, "मग आता तुझं तू बघ." ती बघते आहे. आमचं भांडण वगैरे झालेलं नाही. बोलण्यासारखं काही नाही, इतकंच.

आज कामावरून आलो तर टाकीच्या काचेवर मोहरीएवढा ठिपका दिसला. बोटाने पुसला. गेला नाही, कारण तो आतल्या बाजूला होता. मग तो सरकला.

गोगलगाय.

टाकीत गोगलगाय कधी पाहिल्याचं आठवत नाही. म्हणजे कुठून तरी आली. कुठून ते शोधलं पाहिजे.


१२ जानेवारी

आणखी दिसल्या. दोन प्रकारच्या आहेत. एक चपटी, दोरीचं वेटोळं करून ठेवावं तशी. दुसरी लांबट, पिळाच्या स्क्रूसारखी. ही बहुधा वाळूत असते आणि दिवा मालवला की वर येते.

आईला दाखवल्या. आई ऐंशीच्या पुढे आहे, पण नजर अजून सुईत दोरा ओवण्याची.

"बघ बाई कशी गरीब बिचारी दिसते," ती म्हणाली. "गोगलगाय अन् पोटात पाय. झाडं खाऊन टाकतील हो सगळी. पोरीने इतक्या हौसेने लावलेली."

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "काही खात नाहीत. घाण साफ करतात त्या."

"तुला कसं ठाऊक?"

"आहे ठाऊक."

तिला कसं ठाऊक ते उघड आहे. रोज सकाळी स्वयंपाकघरात फोन चालतो. मी त्यात पडत नाही.

दोन मतं झाली. पुरावा एकाकडेही नाही.


२१ जानेवारी

पुरावा मिळाला, असं वाटलं होतं. मागच्या बाजूच्या रुंद पानांना भोकं पडली आहेत. गोल, टाचणीने टोचल्यासारखी, कडा पिवळ्या. आणि अशाच एका पानावर गोगलगाय बसलेली. आई म्हणाली, "चोर मुद्देमालासकट सापडला."

पण कामावर आम्ही असं मानत नाही. बिघाडाजवळ जो उभा असतो, त्याने तो केलेला असतोच असं नाही. मी टॉर्च आणि भिंग घेऊन बसलो. गोगलगाय पानावर पुढे-मागे फिरत होती. हिरव्या भागावरून सरळ निघून गेली. पिवळ्या कडेशी थांबली आणि तिथलं कुजलेलं खरवडू लागली. पुन्हा हिरव्यावरून गेली, थांबली नाही. काचेवरच्या शेवाळात तिच्यामागे स्वच्छ पट्टा उमटत होता, रंगाच्या ब्रशने ओढावा तसा.

म्हणजे भोक आधी आणि गोगलगाय मागून, असंही असेल. नक्की सांगता येत नाही.

हिने दोनदा जेवायला हाक मारली म्हणे. मला ऐकू आली नाही. भाजी गार झाली होती.


२ फेब्रुवारी

सुट्टी. माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार जाडजूड, बोलता बोलता जाळी पाण्यात घालून न बघता नेमका मासा पकडतो. त्याला विचारलं, गोगलगाई चांगल्या की वाईट?

"साहेब, त्या पाहुण्यांसारख्या असतात. दोन आल्या तर बरं वाटतं. मुक्काम ठोकला की नको." मग म्हणाला, "खायला किती घालता माशांना?"

"रोज सकाळी एक चिमूट. बायको घालते."

"मग वाढायला नकोत. बघा, नाही आटोक्यात आल्या तर औषध आहे."

औषध घेतलं नाही. माशांच्या खाण्याची डबी तेवढी घेतली, कारण घरची संपली. ती महिनाभरही टिकली नाही. पूर्वी तीन-चार महिने पुरायची. कंपनीने माप कमी केलेलं दिसतं. हल्ली सगळीकडे तेच चाललंय.


९ फेब्रुवारी

दुकानदाराने सांगितलेला उपाय दुसऱ्याच दिवशी केला. काकडीची चकती काट्याला टोचून टाकीत सोडायची. सकाळी तिच्यावर गोगलगाई जमतात, उचलून टाकायच्या. सकाळी चकती दिसतच नव्हती, इतक्या बसल्या होत्या. वाडगाभर निघाल्या. जिना उतरून बागेत कुंड्यांच्या मागे टाकून आलो.

दुपारी वरच्या मजल्यावरचे वकील भेटले. सकाळी वाडगा घेऊन कुठे निघाला होतात, विचारलं. सांगितलं. ते म्हणाले, "हद्दपार केलंत म्हणा की."

चार दिवसांनी पुन्हा तेवढ्याच. काकडी मात्र घरात रोज लागते आहे. आई म्हणते, "आम्हाला कोशिंबिरीला नाही, आणि त्यांना सोलून."


२० फेब्रुवारी

आज जरा लवकर घरी आलो. आई खुर्चीत डोळे मिटून. टाकीचं झाकण तिरकं होतं. मी सरळ केलं. हे झाकण हल्ली मी येतो तेव्हा नेहमीच तिरकं असतं. बिजागरी सैल झाली असावी. रविवारी बघतो.

मी समोर उभा राहिलो तर सगळे मासे पुढच्या काचेशी धावत आले आणि तोंडं वर करून राहिले. असं ते पूर्वी भिंगरीला बघून करत. मला बघून कधी केलं नव्हतं. सकाळचं खाणं संध्याकाळपर्यंत पुरत नसेल, हे उघड आहे. बारा तास कोण राहील? एक चिमूट घातली. लगेच संपवली. अजून एक घातली.

हिला सांगितलं नाही. तिच्या कामात ढवळाढवळ केल्यासारखं व्हायचं.


३ मार्च

संध्याकाळची चिमूट आता रोजची झाली आहे. कामावरून आलो की बूट काढण्याआधी तेच. मासे वाट बघत असतात. ओळखतात, यात शंका नाही.

गोगलगाई मात्र हाताबाहेर. काचेवर, पानांवर, फिल्टरच्या नळीत. फिल्टर आज अडकला; उघडला तर आत गच्च. साफ करायला तासभर गेला.

ही पाहत उभी होती. म्हणाली, "भिंगरी म्हणते, गोगलगाई एकदम वाढल्या की टाकीत काहीतरी जास्त होतंय. त्यांना मारू नका म्हणते."

"मला म्हणाली का?"

"तुम्ही बोलता का तिच्याशी?"

"फोन माझ्याकडेही आहे. तिला नंबर पाठ आहे."

"तुमच्याकडेही तिचा आहे," ही म्हणाली आणि आत गेली.

मी नळी पुन्हा जोडली. गळत नाही. चालू केल्यावर थोडा आवाज करते, तो जाईल.


१४ मार्च

आता काचेवर हात टेकवायला जागा नाही. अंड्यांचे पारदर्शक ठिपके पानांच्या मागे, ओंडक्याच्या खाली, थर्मामीटरवर सुद्धा. झाडं निस्तेज आहेत. भिंगरीच्या आवडीचं ते पुढचं बारीक हिरवळीसारखं झाड मधेच सुटून वर तरंगतंय. टाकी अशीच चालू दिली तर तिने दोन वर्षं उभं केलेलं सगळं जाईल. ती कधी आली तर काय बघेल?

म्हणजे येईल असं नाही. पण वस्तू ज्याची त्याला नीट परत करता आली पाहिजे.

दुकानातून औषध आणलं. बाटलीवरचा कागद भिंगाने वाचला. माशांना अपाय नाही, झाडांना अपाय नाही, गोगलगाई खात्रीने जातात. आत तांब्याचा अंश आहे. टाकीची लांबी, रुंदी, पाण्याची उंची मोजून पाणी किती ते काढलं आणि तेवढ्याचंच माप धरलं.

ही म्हणाली, "आधी विचारा तिला."

"कागदावर सगळं लिहिलंय."

"कागद नाही म्हटलं मी. तिला विचारा."

आई म्हणाली, "अगं, करू दे त्याला. झाडांचं नुकसान बघवत नाही."

औषध घातलं. मापात.


१५ मार्च

औषधाने काम केलं. सकाळपासून गोगलगाई काचेवरून सुटून खाली पडत आहेत. पावसाचा शेवट व्हावा तसा आवाज, एक एक टिक्. दुपारपर्यंत काच रिकामी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा टाकी आरपार दिसली. आई खुश.

कोळंब्या दिसत नाहीत. झाडांत लपल्या असतील.

ही टाकीकडे बघून कपडे वाळत घालायला गेली.


१७ मार्च

आज सगळं लिहितो.

सकाळी बाहेरच्या खोलीत वास होता. पाणी दुधाळ झालेलं. मागची झाडं धुक्यात असावीत तशी. मासे सगळे वर, पाण्याच्या अगदी कडेला, तोंडं उघडमिट करत. भूक म्हणून नव्हे, एवढं मलाही कळलं. दोन तळाशी आडवे पडले होते. कोळंब्या सापडल्या. त्या आता लाल राहिल्या नव्हत्या, उकडलेल्यासारख्या फिक्या गुलाबी. सगळ्या.

मी कामावर रजा कळवली. लिफ्टमध्ये माणूस अडकला की काय करायचं, कुठला खटका आधी आणि कुठला नंतर, ते मी झोपेत सांगेन. इथे मला खटका कुठे आहे तेच ठाऊक नव्हतं.

हिला म्हटलं, "तिला फोन लाव. विचार काय करायचं."

ही भांडी पुसत होती. पुसतच राहिली. "तुम्हीच लावा. मी निरोप्या नाही."

मी फोन हातात घेऊन टाकीपुढे उभा राहिलो. आणखी एक मासा कलला. लावला.

"हॅलो," ती म्हणाली. मग, "बाबा? आजी बरी आहे ना?"

"बरी आहे. टाकीतलं पाणी दुधाळ झालंय."

काही क्षण नुसतं मागचं पाण्याचं भुरभुरणं ऐकू येत होतं. तिच्या कामाच्या जागेवरचं असावं.

"मासे वर येऊन तोंडं उघडतायत?"

"हो."

"औषध घातलंत."

"घातलं. मापात घातलं."

"माप बरोबरच असणार तुमचं," ती म्हणाली. "फोन स्पीकरवर टाका आणि दोन्ही हात मोकळे करा. आईला बोलवा."

मग तिने आमच्याकडून काम करून घेतलं. पाइपने अर्धं पाणी काढायचं, काढताना तळ खरवडून मेलेल्या गोगलगाई ओढायच्या. स्टँडखालच्या कप्प्यात नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायची निळी बाटली आहे, ती नव्या पाण्याच्या बादलीत झाकणभर, मग पाणी हळूहळू आत, काचेवरून ओघळू द्यायचं, धबधब्यासारखं ओतायचं नाही. फिल्टरमध्ये कोळशाची पिशवी घालायची, म्हणजे पाण्यात उरलेलं औषध शोषलं जाईल. कप्प्यात एअर पंप आहे, तो जोडायचा. मी पाइप धरला, ही बादल्या भरत होती, आई खुर्चीतून "इथे एक राहिली, ती बघ ओंडक्यापाशी" असं दाखवत होती. मेलेल्या गोगलगाई ताटभर निघाल्या. वास असा की आईने पदर नाकाला लावला, पण उठली नाही.

"आता औषधाचं नाही बोलत मी," भिंगरी म्हणाली. "गोगलगाई एकदम मेल्या, सडल्या, त्यानं पाणी गेलं. पण इतक्या झाल्या कशा? त्या पहिल्यापासून होत्या टाकीत. झाडांबरोबर येतात. दहा-वीस असतील, तुमचं लक्ष नव्हतं. उरलेलं खाणं, कुजलेली पानं, शेवाळ, एवढंच खातात. जेवढं उरतं तेवढ्याच वाढतात. खायला कोण घालतं?"

"मी," ही म्हणाली. "सकाळी. तू सांगितलं होतंस तशी, एक चिमूट."

"एकच?"

"बरं, दोन. लहान असतात माझ्या चिमटी."

"बस?"

मी पाइप पिळत होतो. म्हटलं, "संध्याकाळी मी थोडं घालतो."

हिने माझ्याकडे पाहिलं.

"थोडं म्हणजे?"

"ते मागतात."

"बाबा, मासे कायमच मागतात. पोट भरलं तरी मागतात." मग म्हणाली, "आजी?"

आई पदर नाकावर धरूनच म्हणाली, "मी कुठे काय. दुपारी घरात कोणी नसतं, ही शिवणाच्या क्लासला जाते. ती बापडी काचेशी येऊन माझ्याकडे बघत बसतात. तू जाताना त्यांच्याशी काही बोलली नाहीस, की कोणाला काही सांगून गेली नाहीस. भुकेल्याच्या तोंडावर झाकण लावू का मी? घालते एक चमचा."

"चमचा?"

"चहाचा. मोठा नाही."

पलीकडून आवाज आला. आधी वाटलं रडते आहे. ती हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला. "चहाचा चमचा! अगं, सगळ्या माशांचं मिळून वजन तेवढं नसेल!" ही पण हसायला लागली, ओल्या हातांनी बादलीवर वाकून. आई म्हणाली, "हसा, हसा. चमचा कोणाच्या लक्षात आला का पण?"

भिंगरीचं हसणं संपल्यावर ती म्हणाली, "बाबा, त्या गोगलगाईंनी आतापर्यंत टाकी सांभाळली. तुम्ही तिघं वाढत होतात आणि त्या उष्टं काढत होत्या. नाहीतर हे पाणी जानेवारीतच गेलं असतं."

मला समजलं. फ्यूज उडतो म्हणून लोक त्याच्या जागी जाड तार बसवतात, आणि मग वायर जळली की आम्हाला बोलावतात. अशांना मी आजवर काय काय बोललो आहे ते मला ठाऊक आहे.

"आठवडाभर खाणं बंद," ती म्हणाली. "रोज एवढंच पाणी बदला. उद्या फोन करून सांगा कसं आहे ते." मग म्हणाली, "तुम्ही सांगा."

कोळंब्यांचं तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.


१८ मार्च

मासे तळाकडे गेले आहेत, श्वास बरा. एकूण पाच गेले. पाणी अजून धुरकट.

फोन केला. सगळं सांगितलं, मग कोळंब्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे. तांबं त्यांना चालत नाही. काल विचारलंच नाही मुद्दाम."

"कागदावर नव्हतं लिहिलेलं."

"नसतं."

"त्या परत मिळतात का?"

"मिळतात. पण त्या, मी निवडून निवडून वाढवल्या होत्या. फिकट बाजूला काढायची, लाल ठेवायची." मग म्हणाली, "असू दे, बाबा."

मी म्हटलं, "मी विचारायला हवं होतं."

तिने फोन ठेवायची घाई केली नाही. पाणी बदलल्यावर तापमान किती येतं ते मी सांगितलं. तिने ते बरोबर आहे म्हटलं.


२९ मार्च

पाणी स्वच्छ. काल काचेवर एक गोगलगाय दिसली, स्क्रूसारखी. वाळूत वाचलेली असणार. मी आईला दाखवली. आई म्हणाली, "राहू दे हो बिचारी." जानेवारीतलं तिचं मत तिला आठवत नाही, किंवा आठवतं.

खायला घालण्याचं काम भिंगरीच्या हुकमावरून एकट्या आईकडे आहे. दिवसाआड, आणि चमचा जप्त. आई सगळ्यांना बोलावून, दाखवून घालते. संध्याकाळी मला टाकीपाशी काही काम उरत नाही. फोन मात्र करावा लागतो, पाण्याचं सांगायला. पानांच्या भोकांचं विचारलं. ते खताचं, झाडांना आठवड्याला घालायचं द्रव खत ती गेल्यापासून कोणी घातलंच नव्हतं. माशांना तिघांनी वाढलं आणि झाडांना कोणीच नाही.

आज ती म्हणाली, "बाबा, सकाळी आईचा फोन, दुपारी आजीचा, आता तुमचा. तिघांना पाण्याचंच सांगायचंय. एकदाच का नाही करत सगळे मिळून?"

मी म्हटलं, "त्यांचं मला माहीत नाही. मी नोंद द्यायला करतो."

"बरं," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी या इकडे. झाडं बरीच गेलीत, नवी देते. फोनवर देता येणार नाहीत."


५ एप्रिल

सकाळच्या बसने गेलो, दुपारी पोचलो. हिने येते म्हटलं होतं, आयत्या वेळी म्हणाली आईजवळ कोणीतरी हवं. आईजवळ शेजारीण बसू शकली असती. असो.

रोपवाटिका गावाबाहेर, कालव्याच्या कडेला. लांबच लांब छप्पर, वर पांढरं कापड, खाली उथळ ट्रे रांगेने. झाडं पाण्यात बुडालेली नाहीत, नुसती मुळं ओली. वरून बारीक फवारा. फोनमध्ये ऐकू येतं ते हेच. भिंगरी रबरी बूट घालून आली. बारीक झाली आहे. हात पाण्याने सुरकुतलेले. तिने मला तिथल्या बाईंना भेटवलं, ज्यांची ही जागा. "माझे बाबा. लिफ्टमधले." त्या म्हणाल्या, "अच्छा, तुम्ही का ते!" काय ऐकलं होतं ते विचारलं नाही.

तिने ट्रे दाखवले. कुठलं झाड सावलीत, कुठलं उजेडात, कुठलं महिन्यात विकायला तयार. एका कोपऱ्यातल्या टबात गोगलगाई, मुद्दाम ठेवलेल्या. गिऱ्हाइकाला झाडावर एकही चालत नाही म्हणून विकायच्या आधी प्रत्येक रोप धुवायचं, अंडी बोटाने काढायची, आणि ती सगळी या टबात. "इथलं शेवाळ यांच्यावर सोडलंय. विकत घ्यायला गेलात तर असा नोकर मिळणार नाही." मी विचारलं, मग चांगल्या की वाईट? ती म्हणाली, "बाबा, त्या आपल्या गोगलगाई आहेत. काय वाढताय त्यावर आहे."

माझी झाडं तिने काढून ओल्या कागदात गुंडाळली. मी येताना बसमध्ये तिला सांगायचं म्हणून काही ठरवून आलो होतो. काम चालू होतं, ती मधूनमधून कोणाला काही सांगत होती, फवारा चालू-बंद करत होती. सांगितलं नाही.

छपराच्या टोकाला भरलेले क्रेट वर टेम्पोत चढवायला चेनपुली आहे. दोन माणसं ती ओढत होती. तिचा आवाज मला फाटकापासून ऐकू येत होता. कुरकुर, मग एक ठोका, मग पुन्हा कुरकुर. ठोका वाईट. आतली कुत्री घसरत होती. कुत्री म्हणजे भार खाली सुटू नये म्हणून चाकाच्या दात्यात अडकणारा तुकडा. मी क्रेटच्या खालून बाजूला झालो आणि भिंगरीलाही हाताने बाजूला घेतलं. बोललो नाही.

"ऐकू येतंय ना तुम्हाला?" ती म्हणाली.

"येतंय."

"मग बोला की."

"तुझी जागा आहे. तू विचारलंस तर बोलेन."

तिने झाडांची गुंडाळी बाजूला ठेवली. "विचारतेय."

मी माणसांना क्रेट खाली टेकवायला लावला. पुली उतरवली, झाकण उघडलं. हत्यारं तिथली, फारशी बरी नव्हती. ती समोर उकिडवी बसली. मी हात पुढे केला की पाना हातात, मागायच्या आधी, आणि नेमका तोच. टॉर्च माझ्या सावलीत न येता धरलेला. कुत्रीचा दात झिजून गोल झाला होता, स्प्रिंग दमलेली. बाईंच्या जुन्या सामानात दुसरी स्प्रिंग निघाली. दात कानशीने घासून धार काढली. थोडा मी, थोडा तिने. तिची कानस सरळ चालते. शिकवलं कोणी होतं, ते आठवलं नाही तिला बहुतेक. किंवा आठवलं. चेन पुसून तेल दिलं. पुन्हा चढवली, आधी रिकामी, मग एका क्रेटने, मग पूर्ण भाराने. ठोका नाही.

तिच्या गालावर ग्रीस लागलं होतं. हातांनाही होतं, म्हणून तिने मनगटाने पुसलं आणि ते आणखी पसरलं.

बस निघायची वेळ झाली. झाडांची पिशवी देऊन ती फाटकापर्यंत आली. म्हणाली, "परत कधी येणार?"

मी म्हटलं, "ही घासलेली कुत्री महिन्याने एकदा उघडून बघावी लागेल. मीच येतो, इथल्या कोणाला समजायचं नाही."

"बरं," ती म्हणाली.

असं काम एकदा नीट केलं की वर्षभर बघावं लागत नाही. लिफ्टमध्ये एक वर्ष काढलंय तिने. तिला हे ठाऊक आहे.